सीमधून असेंब्ली बोलावली आणि घड्याळ आठपट धावायला लागलं (एटीमेगा३२८पी)

कंदीलवाला · रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. दिवाळीला तीन आठवडे उरलेत आणि यंदाच्या आकाशकंदिलात डब्ल्यूएस२८१२ ची ३० दिव्यांची पट्टी घालायचं ठरवलंय. बोर्ड अर्डुइनो उनो, म्हणजे एटीमेगा३२८पी, १६ मेगाहर्ट्झ. डेटाची तार ८ नंबरच्या पिनला.

तयार निओपिक्सेल लायब्ररीने पट्टी पाच मिनिटांत लागली. पण पुतण्याने विचारलं, "काका, हे आत नक्की काय करतं?" आणि मला सांगता येईना. म्हणून दिवे पाठवायचं काम स्वतः असेंब्लीत (प्रोसेसरच्या थेट सूचनांच्या भाषेत) लिहायला घेतलं. फंक्शनचं नाव दिवेपाठव. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: रंगांच्या अ‍ॅरेचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता), बाइट किती (३० त्रिक ९०), आणि प्रखरता. मागचापुढचा सगळा कार्यक्रम सीमध्येच.

पहिल्याच घासाला खडा. लिंकर (कंपाइल झालेल्या फाइली जोडणारा प्रोग्राम) म्हणतो, दिवेपाठव नावाचं काही सापडत नाही. फाइल त्याच फोल्डरमध्ये, नाव अक्षर न अक्षर तेच, .ग्लोबल पण लिहिलंय. काय चुकतंय?

(इथे रोमन चालत नाही, त्यामुळे कोड देवनागरीत टंकतोय. वाचताना जीभ सांभाळा.)

---

रेवती_फर्मवेअर · रविवार, रात्री ११:५२

एररमध्ये नावापुढे कंस आणि त्यात तिन्ही आर्ग्युमेंटचे प्रकार दिसतायत का? दिसत असतील तर निदान झालंच. अर्डुइनोची मुख्य फाइल सी म्हणून कंपाइल होत नाही, ती सी प्लस प्लस म्हणून होते. तिथे फंक्शनच्या नावाला शेपूट लागतं. तुमचं रोमनमधलं नाव दहा अक्षरी आहे असं धरते, तर लिंकर शोधतोय ते नाव असं: अंडरस्कोर झेड, मग १०, मग तुमचं नाव, मग पीएचएचएच. हे पीएच म्हणजे बिनचिन्ही बाइटचा पॉइंटर, पुढचे दोन एच म्हणजे दोन साधे बाइट. असेंब्लीत तुम्ही बिनशेपटाचं नाव ठेवलंत. मग भेट कशी होणार?

डिक्लरेशनच्या आधी एक्सटर्न "सी" लिहा, शेपूट जाईल.

दुसरं, फाइलचं एक्स्टेन्शन मोठ्या लिपीतला एस आहे ना? छोट्या एसची फाइल प्रीप्रोसेसरमधून जातच नाही. मग हॅश इन्क्लूड, हॅश डिफाइन यातलं काहीच चालत नाही.

---

भोचक_भाऊ · सोमवार, सकाळी ८:०५

लायब्ररी चालतेय म्हणता, मग हा उपद्व्याप कशाला? २०-३० वर्षांत कंपायलर इतके सुधारलेत की हाताने लिहिलेल्या असेंब्लीला ते सहज मागे टाकतात. फराळाच्या वेळी माणसाने चकल्या कराव्यात.

---

तात्या_८०५१ · सोमवार, सकाळी ९:३०

भाऊ, वेगासाठी असेंब्ली लिहू नये हे कबूल. पण इथे प्रश्न वेगाचा नाही, ठरलेल्या वेळेचा आहे. या पट्टीला एक बिट द्यायला १.२५ मायक्रोसेकंद मिळतात. १६ मेगाहर्ट्झवर एक सायकल (प्रोसेसरचा एक ठोका) ६२.५ नॅनोसेकंदांची, म्हणजे एका बिटाला मोजून २० सायकल. बिट शून्य असेल तर पिन साधारण ६ सायकल वर ठेवायची, एक असेल तर १३, आणि बेरीज दोन्हीकडे २०. सीमध्ये लिहिलेला लूप आज १९ सायकलचा असेल, ऑप्टिमायझेशन बदललं की २३ चा. डिजिटलराइटचं (अर्डुइनोच्या पिन बदलणाऱ्या फंक्शनचं) तर नावच नको, एका बिटाच्या वेळात त्याचं दार उघडूनही होत नाही. आणि तुमची ती निओपिक्सेल लायब्ररी उघडून बघा एकदा. एव्हीआरच्या, म्हणजे तुमच्या चिपच्या घराण्याच्या, भागात असेंब्लीच आहे, फक्त सीच्या पोटात लपवलेली.

कंदीलवाले, आता तुमच्यासाठी. सीमधून असेंब्ली बोलावणं हा व्यवहार आहे आणि त्याचा करार कंपायलरने आधीच करून ठेवलाय. तुमची सही कोणी मागत नाही, पण अटी तुम्हाला लागू आहेत. एव्हीआर-जीसीसीचा, म्हणजे अर्डुइनोच्या कंपायलरचा, करार असा.

आर्ग्युमेंट रजिस्टरांतून, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या आर० ते आर३१ या एकेका बाइटच्या खणांतून, आर२५ पासून खाली उतरत येतात आणि प्रत्येक जण सम क्रमांकापासून बसतो. एकच बाइट असला तरी जागा दोनची. म्हणजे तुमचा पॉइंटर आर२५:आर२४ मध्ये, खालचा बाइट आर२४ मध्ये. बाइटसंख्या आर२२ मध्ये, आर२३ मध्ये नाही! प्रखरता आर२० मध्ये. नवखे सगळे दुसरं आर्ग्युमेंट आर२३ मध्ये शोधतात आणि कचरा उचलून आणतात. आर८ पर्यंत जागा असते, त्यानंतरचे स्टॅकवर (मेमरीतल्या तात्पुरत्या ढिगावर). काही परत द्यायचं असेल तर एक बाइट आर२४ मध्ये, दोन असतील तर आर२५:आर२४, चार असतील तर आर२२ ते आर२५.

आता कोण कोणाचं. आर१८ ते आर२७ आणि आर३०, आर३१ ही घरची भांडी. हवी तशी वापरा, खरकटी टाकून उठा, कोणी विचारणार नाही. आर२ ते आर१७ आणि आर२८, आर२९ ही शेजारणीची. वापरलीत तर आधी पुश (स्टॅकवर ठेवा), निघताना पॉप (परत घ्या), आणि पॉप उलट्या क्रमाने. तो क्रम चुकला तर भांड्यांची अदलाबदल होईल, आणि एखादा पॉप विसरलात तर रेट (परत जायची सूचना) जो पत्ता उचलेल तो तुमचा नसेल, आणि प्रोग्राम कुठल्या गावाला जाईल ते त्यालाच माहीत.

पत्ता धरून मेमरी वाचायची तर एक्स, वाय, झेड या तीनच जोड्या. आर२४ मधून थेट वाचता येत नाही. बरेच जण वाय घेतात, कारण पुस्तकातलं उदाहरण वायचं असतं. वाय म्हणजेच आर२८-२९, शेजारणीचं पातेलं. एक्स घ्या: मूव्हडब्ल्यू आर२६, आर२४. एका सायकलचं काम. आणि एलडीआय फक्त आर१६ ते आर३१ वर चालतं, हेही गाठीला बांधा.

अवांतर: आम्ही ८०५१ या जुन्या चिपवर केइलच्या सी५१ कंपायलरमध्ये हेच करायचो. तिथे पहिला कॅर आर७ मध्ये, दुसरा आर५, तिसरा आर३. इंट असला तर आर६-आर७, मोठा बाइट आर६ मध्ये. आणि आर्ग्युमेंट रजिस्टरमधून जात असतील तर असेंब्लीतल्या नावाआधी अंडरस्कोर लावायचा. तो अंडरस्कोर विसरून मी एक अख्खा शनिवार घालवलाय. लिंकरचा निरोप तुमच्यासारखाच होता, सापडत नाही.

---

कंदीलवाला · सोमवार, रात्री १०:४५

रेवतीताई, शेपूटच होतं. एक्सटर्न "सी" लिहिलं आणि लिंक झालं. तात्या, तुम्ही घरात कॅमेरा लावलाय का? मी वायच घेतला होता, तोही पुश न करता. आणि बाइटसंख्या आर२३ मधूनच वाचत होतो. दोन्ही बदललं.

पण दिवे अजून लागत नाहीत. एकही नाही. आणि एक विचित्र प्रकार सुरू झालाय. प्रोग्राम जिवंत आहे की नाही हे कळावं म्हणून बोर्डावरचा १३ नंबरचा दिवा डिले(१०००) घालून लुकलुकवतो. दिवेपाठव बोलावलं नाही तर तो शहाण्यासारखा सेकंदाला बदलतो. बोलावलं की पिसाळतो. फोनवर व्हिडिओ घेऊन मोजलं, सेकंदाला आठ वेळा बदलतोय. दर वेळी आठच.

सुरुवात अशी आहे (पोर्टबी म्हणजे ८ नंबरची पिन ज्यात येते ते रजिस्टर):

सीएलआय
इन आर१८, पोर्टबी
मूव्ह आर१९, आर१८
ओआरआय आर१८, १
अँडीआय आर१९, हेक्स एफई

मग बिट पाठवताना आउट पोर्टबी, आर१८ म्हणजे वर आणि आउट पोर्टबी, आर१९ म्हणजे खाली. सीएलआयने सुरुवातीला इंटरप्ट (मधेच येणारी तातडीची कामं) बंद, शेवटी एसईआयने चालू, आणि रेट. वर एव्हीआरची आयओ हेडर फाइल जोडली आहे. कंपाइल होताना वॉर्निंगसुद्धा नाही.

---

कणकवलीचा_कपॅसिटर · सोमवार, रात्री ११:१०

व्होल्टेज तपासलंत का? पट्टीला वेगळा पुरवठा द्या, ग्राउंड एकत्र करा.

---

रेवती_फर्मवेअर · सोमवार, रात्री ११:३५

पुरवठ्याने दिवे मंद होतील हो, पण घड्याळ बरोबर आठपट कशाने धावेल? कंदीलवाले, तुम्ही मोजलंत म्हणून बरं झालं. "वेगात लुकलुकतो" एवढंच लिहिलं असतं तर आपण सगळे आठवडाभर पुरवठाच तपासत बसलो असतो.

या चिपमध्ये प्रत्येक पोर्टला दोन पत्ते आहेत. एक मेमरीतला आणि एक आयओचा, आणि दोन्हींत हेक्स २० चा फरक. पोर्टबीचा मेमरीतला पत्ता हेक्स २५, आयओ पत्ता हेक्स ०५. इन आणि आउट या सूचनांना आयओ पत्ता लागतो. सीमध्ये तुम्ही नुसतं पोर्टबी लिहिता तेव्हा ही काळजी कंपायलर घेतो. असेंब्लीत कोणी घेत नाही. हेडर फाइल पोर्टबीच्या जागी हेक्स २५ ठेवून मोकळी होते.

आता आयओ पत्ता हेक्स २५ वर राहतं कोण? डेटाशीटच्या शेवटी रजिस्टरांची यादी आहे, त्यात बघा: टीसीसीआर०बी. टायमर शून्यचा वेग ठरवणारं रजिस्टर. वेळ मोजणारे मिलिस, मायक्रोस आणि डिले हे तिघं याच टायमरच्या जिवावर जगतात.

अर्डुइनो सुरू होताना त्यात ३ लिहितो, म्हणजे घड्याळाला ६४ ने भाग. तुम्ही पोर्ट समजून ते वाचलंत, आर१८ मध्ये ३ आला. त्यात शून्याव्या बिटाला १ केलं तरी ३ च. खालच्या प्रतीत तेच बिट पुसलंत, आर१९ मध्ये उरले २. शेवटचा आउट नेहमी "खाली" असतो, त्यामुळे तुमचं फंक्शन निघून जाताना टीसीसीआर०बीमध्ये २ ठेवून जातं. २ म्हणजे भाग ८ ने.

६४ भागिले ८. तुमचा सेकंद १२५ मिलिसेकंदांचा झाला. आणि खऱ्या पोर्टबीला तर तुम्ही बोटही लावलं नाहीत, मग दिवे कुठून लागणार?

उपाय: असेंब्लीत प्रत्येक ठिकाणी एसएफआर आयओ अ‍ॅड्रेसचा मॅक्रो लावा. किंवा हेडर जोडण्याआधी एसएफआर ऑफसेट शून्य म्हणून डिफाइन करा. मला मॅक्रो बरा वाटतो, वाचणाऱ्याला डोळ्यासमोर दिसतो.

वॉर्निंग का आली नाही तेही सांगते. आउटला ० ते ६३ मधलं काहीही चालतं आणि हेक्स २५ म्हणजे ३७, बसलं. तुम्ही एसबीआय वापरलं असतंत तर असेम्ब्लरनेच कान धरला असता, कारण तिथे मर्यादा ३१ ची.

---

भोचक_भाऊ · मंगळवार, सकाळी ७:५०

शब्द मागे. चकल्या उद्या. हे वाचताना चहा गार झाला.

---

तात्या_८०५१ · मंगळवार, सकाळी ९:१५

रेवती, शाब्बास.

एक राहिलं. शेवटी एसईआय करू नका. तुमच्या फंक्शनला कोणी इंटरप्ट आधीच बंद करून बोलावलं असेल तर तुम्ही ते परस्पर चालू करून जाल. शेजारी जाऊन न विचारता पंखा लावण्यातला प्रकार. आल्याआल्या एसरेग (इंटरप्ट चालू की बंद हे ज्यात असतं ते रजिस्टर) वाचून आर२३ मध्ये ठेवा, मग सीएलआय, आणि निघताना एसरेग जसा होता तसा परत. इथेही मॅक्रो लागेल. विसरलात तर या वेळी मात्र असेम्ब्लर ओरडेल, कारण एसरेगचा मेमरीतला पत्ता हेक्स ५एफ आहे, ६३ च्या पार.

---

पिकोप्रेमी · मंगळवार, दुपारी १:२०

मी आरपी२०४० (रास्पबेरी पाय पिकोची चिप) वापरतो. तिथेही हीच भांडी का?

---

रेवती_फर्मवेअर · मंगळवार, दुपारी २:०५

नाही. तो कॉर्टेक्स-एम०+ आहे, त्याचा करार एआरएमचा. आर० ते आर३ मध्ये आर्ग्युमेंट, उत्तर आर० मध्ये, आर४ ते आर११ जपायचे. लेबलाआधी .थंब_फंक लिहायला विसरू नका. नाहीतर फंक्शन पॉइंटरमधून बोलावलं की हार्डफॉल्ट. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा हो, इथे गोंधळ होईल.

---

कंदीलवाला · बुधवार, रात्री १२:१०

लागले!!! तीसच्या तीस. पुतण्या झोपला होता, उठवून दाखवलं. वहिनी रागावली.

टायमरचा धसका बसल्यामुळे डिले सोडून युटिलमधला, सायकल मोजून थांबणारा डिले घेतला. आणि प्रखरतेचा गुणाकार घातला: रंगाचा बाइट गुणिले प्रखरता, वरचा बाइट घ्यायचा. प्रखरता ६४ ठेवलीय, रात्री डोळ्यांना पुरते.

आता एकच खोट. एक पांढरा ठिपका ० पासून २९ पर्यंत धावतो, बाकी दिवे बंद. दर ५० मिलिसेकंदांनी एक पाऊल. सीमध्ये असं आहे: दिवेपाठव बोलाव, जागा एकने वाढव, जागा ३० झाली तर ० कर. पहिली फेरी झकास होते. मग ठिपका गायब! नऊ-दहा सेकंद पूर्ण काळोख. मग पुन्हा ० पासून एक फेरी, पुन्हा काळोख. गुणाकार काढला की सगळं ठीक.

---

भोचक_भाऊ · बुधवार, सकाळी ८:००

लोडशेडिंगचं सिम्युलेशन.

---

तात्या_८०५१ · बुधवार, सकाळी १०:४०

गुणाकार काढला की ठीक, इथेच कळलं. परवा भांड्यांची यादी देताना मी आर० आणि आर१ वगळले, ती चूक माझी.

एव्हीआर-जीसीसी असं धरून चालतो की आर१ मध्ये कायम शून्य आहे. कधीही, कुठेही. आर० तात्पुरत्या कामाचा, त्याचं काही नाही. पण सीमध्ये कुठल्या चलात ० टाकायचा तर कंपायलर वेगळा शून्य बनवत बसत नाही, आर१ उचलून तिथे ठेवतो. आणि एमयूएल ही सूचना उत्तर कुठे ठेवते? आर१:आर० मध्ये. दुसरी जागा देताच येत नाही.

आता हिशेब बघा. बहुतेक फ्रेममध्ये शेवटचा दिवा बंद, म्हणजे शेवटचा गुणाकार ० गुणिले ६४. आर१ मध्ये शून्यच उरतं, कोणाला पत्ता लागत नाही. ठिपका २९ वर असताना मात्र शेवटचा बाइट २५५. गुणिले ६४ म्हणजे १६३२०. वरचा बाइट ६३. आणि नेमक्या याच फ्रेमनंतर तुमची जागा ३० होते आणि सी म्हणतं ० कर. कंपायलर विश्वासाने आर१ उचलतो, जागा होते ६३.

पट्टीत ६३ नंबरचा दिवा नाही. ६३ ते २५५ अशा १९३ फ्रेम काळोखात, मग बाइट भरून ० वर. १९३ गुणिले ५० मिलिसेकंद म्हणजे ९.६५ सेकंद. तुमचे नऊ-दहा.

औषध: एमयूएलनंतर आर१ मधलं उत्तर दुसरीकडे हलवा आणि लगेच सीएलआर आर१. एक सायकल. दोन बाइटांच्या मधे असे तीन-चार सायकल वाढले तर पट्टी कुरकुरत नाही. बिट खाली असताना थोडा उशीर तिला चालतो, वर असतानाचा चालत नाही.

---

रेवती_फर्मवेअर · बुधवार, सकाळी ११:१५

तात्या, दंडवत. यातली मेख अशी की हा आजार आपोआप बराही होतो. सीमध्ये कुठेही गुणाकार आला की कंपायलर स्वतः नंतर आर१ साफ करतो. त्यामुळे तपासायला म्हणून चार ओळी वाढवल्या की दुखणं पळतं, काढल्या की परत येतं. इंटरप्टचाही उपयोग नाही. सीमध्ये लिहिलेला इंटरप्ट आर१ जपून ठेवतो, आपल्यापुरता शून्य करतो आणि जाताना तोच ६३ परत देतो. प्रामाणिकपणे!

कंदीलवाले, नेहमीचा डिले सोडलात हे नशीब. त्याच्या आतही शून्याशी तुलना असते. तो तिथेच अडकला असता तर ९.६५ चा हिशेब हाती लागला नसता.

पुढच्या वेळी एक करा. त्याच सहीचं फंक्शन आधी सीमध्ये ओबडधोबड लिहा, मायनस एस देऊन कंपाइल करा आणि कंपायलर काय लिहितो ते वाचा. कोणतं आर्ग्युमेंट कुठे येतं, काय पुश होतं, आर१ कधी साफ होतो, सगळं तिथे दिसतं.

---

कणकवलीचा_कपॅसिटर · बुधवार, संध्याकाळी ६:३०

माझ्याकडे ६० दिव्यांची पट्टी आहे. हाच कोड चालेल?

---

रेवती_फर्मवेअर · बुधवार, संध्याकाळी ७:००

दिवे लागतील. मिलिस मागे पडेल. टायमर शून्य दर १.०२४ मिलिसेकंदांनी इंटरप्ट मागतो. ३० दिव्यांचे ७२० बिट, ०.९ मिलिसेकंद इंटरप्ट बंद. तेवढ्यात फार तर एक मागणी येते आणि ती रांगेत थांबते. ६० दिव्यांना १.८ मिलिसेकंद लागतात. त्यात बहुतेकदा दोन मागण्या येतात आणि रांगेत जागा एकाचीच. दर फ्रेमला असं होत राहिलं तर तासाभरात फरक दिसेल. नुसत्या कंदिलाला काय त्याचं, पण त्यावर घड्याळ चालवणार असाल तर वेगळी आरटीसी (वेळ राखणारी) चिप लावा. आणि हो, ६० त्रिक १८० बाइट एका बाइटच्या मोजणीत बसतात. ८५ दिव्यांच्या पुढे बाइटसंख्या दोन बाइटांची करावी लागेल. ती आर२३:आर२२ मध्ये येईल, प्रखरता होती तिथेच आर२० मध्ये राहील.

---

कंदीलवाला · गुरुवार, रात्री ९:५०

सीएलआर आर१ घातलं. ठिपका आता २९ वरून थेट ० वर येतो, रात्रभर चालवून पाहिलं. तात्या, रेवतीताई, फराळाचा डबा कुठे पाठवू ते व्यनि करा. भाऊ, तुम्हालाही, पण चकल्या तुमच्याकडून.

कंदील गॅलरीत टांगलाय. आईने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हा आता थांबतच नाही. काल मधे जरा विझायचा, ते बरं वाटत होतं डोळ्यांना."

तर आता जागा ३० झाली की सीमध्ये १९३ फ्रेमचा काळोख मुद्दाम घातलाय.

---

भोचक_भाऊ · गुरुवार, रात्री १०:०२

बग होता तो, आता फीचर झाला. आईंना नमस्कार सांगा.